‘कम्प्लीटेड’चा घोळ: ग्लू वर्कफ्लोचा तपशील मागवण्यामागची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरकडं डेटाची कामं करणाऱ्या छोट्या गटांना हा क्रम आता तोंडपाठ आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बोटो३ (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवांशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) घ्यायचं, ग्लूचा (डेटा गोळा करून जोडणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेचा) क्लायंट उघडायचा, गेट-वर्कफ्लो या फंक्शनला वर्कफ्लोचं, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या साखळीचं, नाव द्यायचं आणि उत्तरादाखल परत आलेल्या डिक्शनरीत ‘लास्ट रन’ची, म्हणजे साखळी शेवटची चालली त्या खेपेची, स्थिती बघायची. तिथं ‘कम्प्लीटेड’ दिसलं की गडी चहाला मोकळा. हा शब्द तिथं कसा आला आणि त्यावर भरवसा का ठेवता येत नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं जायची गरज नाही. युनिक्सवरचा क्रॉन सत्तरच्या दशकातला. ठरल्या वेळी काम सुरू करून देणं एवढीच त्याची जबाबदारी, पुढं त्या कामाचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नव्वदच्या दशकात ‘वर्कफ्लो’ हा शब्द कचेऱ्यांतल्या मंजुरीच्या फायलींसाठी रुळला. आपल्या विषयाला खरी सुरुवात होते ती २०१२ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत याच ॲमेझॉननं सिंपल वर्कफ्लो नावाची सेवा आणली.

ती सेवा आज फारसं कुणी वापरत नाही, पण तिची भाषा चोख होती. तपशील मागवला की दोन वेगळी उत्तरं मिळायची. पहिलं उत्तर, काम उघडं आहे की बंद. बंद असेल तर दुसरं उत्तर, ते कसं बंद झालं: पूर्ण होऊन, फसून, रद्द होऊन, की मुदत संपून. म्हणजे थांबणं आणि तडीला जाणं हे दोन वेगळे प्रश्न मानले होते. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच घरातून स्टेप फंक्शन्स आली. तिनं दोन्ही उत्तरं एका रकान्यात घातली, पण शब्द सरळ निवडले: ‘सक्सीडेड’ किंवा ‘फेल्ड’. वाचणाऱ्याला अडखळायचं कारण उरलं नाही.

ॲमेझॉनचं मुंबईचं डेटा केंद्र सुरू झालं तेही २०१६ मध्येच, जूनमध्ये. तोवर आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र म्हणजे सिंगापूर. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हेच वर्ष, त्यामुळं इकडच्या माणसाला साल वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. ग्लू सर्वांसाठी खुली झाली ऑगस्ट २०१७ मध्ये आणि तिच्यात वर्कफ्लोची सोय आली २०१९ मध्ये. घोळ इथून सुरू होतो.

ग्लूच्या वर्कफ्लोत तीन प्रकारच्या गाठी असतात: ट्रिगर (पुढचं काम सुरू करून देणारा), जॉब (प्रत्यक्ष काम) आणि क्रॉलर (डेटा चाळून त्याची रचना नोंदवणारा). एक जॉब यशस्वी झाला की ट्रिगर सुटतो आणि पुढचा जॉब सुरू होतो. जॉब फसला तर तो ट्रिगर सुटतच नाही. पुढं चालवायला काही उरत नाही, म्हणून रन थांबतो आणि स्थितीत लिहिलं जातं ‘कम्प्लीटेड’. गंमत अशी की त्याच सेवेत एकट्या जॉबची स्थिती विचारली तर ‘सक्सीडेड’ किंवा ‘फेल्ड’ असं स्वच्छ उत्तर मिळतं. आतला जॉब फसलेला आणि बाहेरचा वर्कफ्लो पूर्ण, दोन्ही एकाच वेळी.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, फसलेल्या जॉबवरही ट्रिगर लावता येतो. फसला तर साफसफाईचा जॉब चालव, असं कुणी मुद्दाम बांधलं असेल तर एका जॉबच्या फसण्यानं अख्खा रन बाद का धरायचा? मुद्दा खोटा नाही. पण मग ‘संपला’ एवढाच अर्थ सांगणारा शब्द वापरायचा होता, २०१२ चा ‘क्लोज्ड’ घरातच पडून होता. आपल्याकडं कुणी पेरणी आणि उगवण एकाच रकान्यात लिहीत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला, तेव्हाही त्या रानांत पेरणी ‘पूर्ण’च होती.

घोळ पसरला तो लायब्ररीच्या घडणीमुळं. जून २०१५ मध्ये पक्क्या रूपात आलेल्या बोटो३ मध्ये प्रत्येक सेवेसाठी हातानं फंक्शनं लिहिलेली नाहीत. सेवेचं वर्णन जेसन (साध्या मजकुराच्या) फायलींत असतं आणि त्यावरून फंक्शनं चालू वेळी तयार होतात. आर भाषेतलं ‘पॉज’ही अशाच वर्णनांवरून तयार केलेलं आहे. त्यामुळं मूळ वर्णनात स्थितीबद्दल जी त्रोटक ओळ आहे, तीच भाषा बदलली तरी समोर येते.

आमचा धडा पावसाच्या आकड्यांचा. सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा मंडळनिहाय पाऊस आम्ही काही शेतकरी उत्पादक कंपन्यांना पोचवायचो. वर्कफ्लो दहाला सुटायचा. वेळापत्रक यूटीसीत (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागं) असल्यामुळं तिथं साडेचार लिहिलेलं. एकदा एका फाईलचा रकाना बदलला, जोडणीचा जॉब फसला आणि तक्त्यात आदल्या दिवसाचेच आकडे राहिले. आमच्या स्क्रिप्टला ‘कम्प्लीटेड’ दिसलं, म्हणून दिवा हिरवा. मग औसा तालुक्यातून फोन आला, “सर, आमच्या मंडळात रातभर धो धो पडलाय, अन् तुमच्यात शून्य दाखवायलंय.” अतिवृष्टीची रेघ पासष्ट मिलिमीटरची, तिथं शून्य म्हणजे थट्टाच की. चूक आमची होती. उत्तरात स्थितीच्या जवळच ‘स्टॅटिस्टिक्स’ नावाचा कप्पा होता, त्यात अपयशी कृती एक असं लिहिलेलं होतं. आम्ही तो कधी उघडलाच नव्हता.

तेव्हापासून अपयशी, मुदत संपलेल्या आणि थांबवलेल्या कृती शून्य असल्याशिवाय आम्ही हिरवा दिवा लावत नाही. कुठला जॉब फसला हे हवं असेल तर ‘इन्क्लूड ग्राफ’ हा पर्याय ‘ट्रू’ करून मागावं लागतं. नाहीतर गाठींचा आराखडा येत नाही आणि नवखा माणूस वर्कफ्लोच रिकामा समजतो. शिवाय एकाच वेळी दोन रन चालू असतील तर ‘लास्ट रन’ भलत्याचाच असू शकतो. म्हणून रन सुरू करताना मिळालेला आयडी जपून गेट-वर्कफ्लो-रन या फंक्शनला द्यायचा.

अलीकडं बरीच कामं एअरफ्लोकडं, म्हणजे अशाच साखळ्या चालवणाऱ्या दुसऱ्या साधनाकडं, सरकली आहेत. २०२० च्या अखेरीस त्याचं दुसरं मोठं रूप आलं आणि बाहेरून तपशील मागवायला स्थिर रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनं वेबवरून विचारणा करायची सोय) मिळाली. तिथं शब्द ‘सक्सेस’ आहे, पण तो ठरतो टोकाच्या टास्कवरून, म्हणजे ज्याच्यापुढं काही नाही अशा कामावरून. मधला टास्क फसला आणि शेवटचा ‘काहीही होवो, चाल’ या नियमानं चालला, तर अख्खा रन यशस्वी दिसतो. आमचा शेवटचा टास्क निरोप पाठवण्याचा, आणि त्याला नेमका हाच नियम लावलेला होता. आता त्याच्या शेजारी आणखी एक टास्क टोकाला बांधला आहे. त्याचं काम एवढंच, वरचं काहीही फसलं की आपणही फसायचं.