वरचं पाणी, खालचं पाणी

“एवढालं पाणी! अन् प्यायला येतंय का ते?”

न्यूझीलंडहून परत आल्यावर अंबाजोगाईत आईला मिलफर्ड साउंडचे फोटो दाखवले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न हा होता. टँकरमागं घागर घेऊन धावलेल्या बाईचा प्रश्न. मिलफर्ड साउंड हा फियॉर्ड आहे, म्हणजे उभ्या कड्यांमध्ये आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. आईला उत्तर सांगायचं तर इथपासूनच सुरुवात करावी लागते.

मी तो पाहिला कयाकमधून. कयाक ही अरुंद, लांबट होडी. तिच्यात बसलं की पाणी कमरेच्या पातळीला येतं. समोर माइटर पीक. आपल्या कळसूबाईहून थोडं उंच, जवळपास १,६९० मीटर, पण त्याचा पायथा म्हणजे थेट समुद्र! होडी टेकवायला कड्याला हातभर काठ सापडत नाही. भिंत जशी वर गेली आहे तशीच पाण्याखालीही उतरत जाते आणि फियॉर्डचा तळ काही ठिकाणी २९० मीटरच्या आसपास खोल आहे. वल्हं थांबवून खाली पाहिलं, तेव्हा पोटात खड्डा पडला.

एवढं खोल कोरलं कुणी? अजिंठ्याची नालाकृती दरी वाघूर नदीनं बेसाल्ट कापत केली. पण नदीच्या खोदकामाला एक सीमा असते. ती समुद्राला मिळाली की तिचा उतार संपतो आणि खोदणंही. हिमनदीचं तसं नाही. शेकडो मीटर जाडीचा बर्फ स्वतःच्या वजनानं सरकतो, त्याच्या तळाला अडकलेले दगड कानशीसारखे खडक घासतात, आणि हे काम समुद्रपातळीच्या खालीही चालू राहतं. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे २०,००० वर्षांपूर्वी होता. पुढं बर्फ मागं हटला आणि त्या उभ्या भिंतींच्या दरीत समुद्र शिरला. मुखाशी हिमनदीचा जोर कमी पडला होता, म्हणून तिथं तळ उंच राहिला. घराला उंबरा असतो तसा.

(नकाशावरचं ‘साउंड’ हे नाव खरं तर चुकीचं आहे. समुद्रात बुडालेल्या नदीच्या दरीला साउंड म्हणतात. मला तिथल्या मूळ रहिवाशांचं, माओरींचं नाव जवळचं वाटतं: पिओपिओताही, म्हणजे एकटा पिओपिओ पक्षी. तो पक्षी आता नामशेष झाला आहे.)

आता आईच्या प्रश्नाकडं. मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. मिलफर्डला पडतो सुमारे ६,८०० मिलिमीटर! पश्चिमेकडून येणारे ओले वारे डोंगरांवर आदळतात आणि रिकामे होतात. मी गेलो त्या सकाळीही धुवाधार पाऊस होता आणि कड्यांवर मोजता येणार नाहीत इतके धबधबे उमटले होते. हे सगळं गोडं पाणी फियॉर्डमध्ये उतरतं. पण ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं सहजी मिसळत नाही, वरच पसरून राहतं. हा थर काही मीटर जाडीचा असतो. शिवाय जंगलातला कुजलेला पालापाचोळा धुऊन आल्यामुळं त्याला कोऱ्या चहासारखा रंग चढतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते पुढचं. हा तांबूस थर ऊन अडवतो, त्यामुळं त्याच्याखाली लवकर अंधारतं. एरवी बरंच खोल वाढणारं काळं प्रवाळ मग इथं १० मीटरच्या आसपासही राहतं. हॅरिसन कोव्ह नावाच्या खाडीत पाण्याखाली उतरून पाहण्याची सोय आहे. तिथं काचेपलीकडं ते दिसलं. नाव काळं, पण जिवंत असताना पांढरं, बारीक फांद्यांच्या झुडपासारखं. काळा असतो तो फक्त आतला सांगाडा. डोक्यावर पावसाचं छप्पर आणि त्याखाली खोल समुद्राचे रहिवासी! दुष्काळी भागातून आलेल्या मला ती काच सोडवत नव्हती.

परतीच्या वाटेवर मी बोट बुडवून जिभेला लावलं. समुद्रासारखं खारट नव्हतं, पण पिण्याजोगंही नव्हतं.

“मचूळ लागलं,” मी आईला सांगितलं.

“म्हणजे उन्हाळ्यात आपल्या आडाला येतंय तसं,” ती म्हणाली आणि पुढचा फोटो बघायला लागली.