पार्श्वभूमी: पोटाचा सीटी आणि ‘डोस’ या शब्दाचा गुंता

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि घरोघरी एचआरसीटीचा (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर तोंडपाठ झाला होता. तेव्हा दिल्लीतल्या एका बड्या वैद्यकीय अधिकाऱ्याने पत्रकार परिषदेत सांगितले, की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगोलग जाहीर आक्षेप घेतला. हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे, असे त्यांचे म्हणणे. वाद छातीवरून पेटला आणि छातीवरच विझला, पोटाच्या सीटीकडे फारसे कोणी वळले नाही. गंमत अशी, की पोटासाठी तो आकडा उलट कमीच पडतो. छातीच्या साध्या एक्स-रेचा डोस ०.०२ मिलिसिव्हर्टच्या (शरीरावरील किरणांच्या परिणामाचे एकक) आसपास, तर पोट आणि ओटीपोटाच्या एका फेरीचा, म्हणजे एकदा किरण सोडून केलेल्या स्कॅनचा, ८ ते १०. भागाकार केला तर ४०० ते ५०० येतात. फेऱ्या तीन झाल्या तर पुढचे ज्याने त्याने पाहावे.

पहिला सीटी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. तो मेंदूचा होता, आणि सुरुवातीची यंत्रे डोक्यापुरतीच होती. पोटाची अडचण वेगळी. एकेका छेदाला मिनिटे लागायची, तेवढा वेळ श्वास कोण रोखून धरणार? शिवाय आतडी स्वस्थ बसत नाहीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्पायरल सीटी (टेबल सरकत असतानाच सलग टिपणारा) आला, १९९८मध्ये चार स्लाइसची (एका चकरेत चार छेद टिपणारी) यंत्रे आली आणि २००४च्या सुमारास ६४ची. आता अख्खे पोट एका श्वासात उरकू लागले. माझ्या मते डोसच्या कथेतले खरे वळण हेच आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. पूर्वी एक फेरी झाली की ट्यूब तापायची आणि ती गार होईपर्यंत थांबावे लागायचे. या सक्तीच्या विश्रांतीमुळे डॉक्टरही ‘आणखी एक फेज घ्या’ म्हणायला कचरायचे. वेग आला तसा तो संकोच गेला. प्लेन (कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्याचे औषध, टोचण्याआधी), आर्टेरियल (ते धमन्यांत असताना), व्हीनस (शिरांत असताना), डिलेड (काही मिनिटांनी) अशा चार फेऱ्या टेबलावरून न उतरता होऊ लागल्या. कॉन्ट्रास्ट एकदाच टोचले जाते, किरण मात्र प्रत्येक फेरीला नव्याने लागतात.

आता ‘डोस’ या शब्दाकडे वळू. मराठीत डोस औषधाचा असतो, नाहीतर उपदेशाचा. दोन्हींत घेणारा कोण ते स्पष्ट असते. सीटीच्या पडद्यावर जो डोस उमटतो, तो घेणारा मात्र रुग्ण नसतो. तो असतो ऍक्रिलिकचा भरीव दंडगोल.

१९८१मध्ये सीटीडीआय नावाचे माप रूढ होऊ लागले, तेव्हा हेतू साधा होता: दोन यंत्रांची तुलना करता यावी. त्यासाठी दोन दंडगोल ठरले. डोक्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचा, धडासाठी ३२ सेंटिमीटरचा. धडाचा दंडगोल १५ सेंटिमीटर लांब असतो आणि वजन भरते साधारण १४ किलो, उचलताना कमरेत चमक भरेल असे. त्यात पाच भोके: एक मधोमध, चार कडेला पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर आत. त्यांत पेन्सिलीएवढा मापक आळीपाळीने सरकवायचा, मधल्या आकड्याचा एक तृतीयांश घ्यायचा, कडेच्या सरासरीचा दोन तृतीयांश, आणि बेरीज करायची. यात पोट कुठेच नाही.

३२ सेंटिमीटर व्यास म्हणजे परिघ सुमारे १०० सेंटिमीटर, म्हणजेच जवळजवळ ४० इंची कंबर. आपल्याकडे खडा, अपेंडिक्स किंवा आतड्याच्या टीबीच्या शंकेने येणारी एखादी २८ इंच कमरेची मुलगी डोळ्यांपुढे आणा. समोरून मागे १८ सेंटिमीटर आणि आडवी २७, म्हणजे सरासरी व्यास २२ धरू. पडद्यावर १० मिलिग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) दिसत असेल तर तिच्या शरीरातला डोस साडेसोळाच्या घरात जातो. बारीक शरीरात आतल्या अवयवांना आडोसा कमी मिळतो, म्हणून. ही दुरुस्ती करण्याची पद्धत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांच्या एका संघटनेने २०११मध्ये प्रसिद्ध केली. आधीच्या तीस वर्षांत ४० इंची ऍक्रिलिकचा आकडा सर्वांना लावला जात होता, आणि वाचणारे तो रुग्णाचाच समजत होते.

लहान मुलांच्या बाबतीत तर गोंधळाची कमाल झाली. मुलाच्या पोटाचा आकडा काही कंपन्या १६ सेंटिमीटरच्या दंडगोलावर द्यायच्या, तर काही ३२च्या. एकच स्कॅन, एकच किरण, पण आकड्यांत दुपटीच्या आसपास तफावत. दोन केंद्रांतल्या नोंदी शेजारी ठेवल्या तर एक केंद्र विनाकारण निष्काळजी ठरायचे. पुढे मानके बदलली आणि धडासाठी सर्व वयांना ३२चाच दंडगोल ठरला.

हे झाले मिलिग्रेचे. मिलिसिव्हर्टचा घोळ निराळा. पडद्यावरचा डीएलपी (सीटीडीआय गुणिले स्कॅन झालेली लांबी) ०.०१५ने गुणला की पोटाचा मिलिसिव्हर्ट मिळतो, उदाहरणार्थ ६०० असेल तर ९. हा गुणक एका सरासरी माणसासाठी आहे. तो ना बाई ना पुरुष, ना म्हातारा ना पोर. शिवाय या हिशेबात कोणत्या अवयवाला किरणांचा धोका किती, यानुसार अवयवांना दिलेले वजनच (भारांक) वेळोवेळी बदलले. जननग्रंथींचे वजन १९७७मध्ये ०.२५ होते, १९९०मध्ये ०.२० झाले आणि २००७मध्ये ०.०८. यंत्र तेच, रुग्ण तोच, आणि ओटीपोटाच्या सीटीतला जननग्रंथींचा वाटा कागदावर निम्म्याहून कमी झाला. विज्ञान असेच पुढे जाते, त्यात फसवणूक नाही. पण ‘आता डोस खूप कमी झालाय’ असे कोणी म्हटले, की त्यातले यंत्रामुळे किती आणि कोष्टकामुळे किती, हे विचारायला हवे.

सार्वजनिक चर्चा पेटली ती २००१मध्ये. अमेरिकेत १५ वर्षांखालच्या मुलांचे डोक्याचे आणि पोटाचे मिळून वर्षाला सहा लाख सीटी होतात आणि त्यातून पुढे सुमारे ५०० जण कॅन्सरने दगावू शकतात, असा अंदाज एका निबंधात मांडला गेला. वर्तमानपत्रांनी ५०० उचलले. त्याच मुलांपैकी सुमारे १,४०,००० जण सीटी न करताही कॅन्सरनेच जातील, हे त्याच निबंधातले वाक्य मागे पडले. पण दुसरीही एक गोष्ट तेव्हाच उघड झाली: मुलांना मोठ्यांचीच सेटिंग लावली जात होती. यासाठी कुठले गणिती प्रारूप नको होते, यंत्राचे कन्सोल (नियंत्रणाचा पडदा) पाहिले तरी पुरे होते. २००७पर्यंत अमेरिकेतले वार्षिक सीटी सहा कोटींच्या पलीकडे गेले होते, १९८०मध्ये ते तीस लाखांच्या आसपास होते. २००८मध्ये मुलांसाठी डोस कमी करण्याची मोहीम सुरू झाली, २०१०मध्ये मोठ्यांसाठी. दरम्यान कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात चुकीच्या सेटिंगमुळे दोनशेहून अधिक रुग्णांना मेंदूच्या स्कॅनमध्ये नेहमीच्या सुमारे आठपट किरण लागल्याचे बाहेर आले. दीड वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यानंतर त्या राज्याने रिपोर्टमध्ये डोस लिहिणे बंधनकारक केले.

कॅन्सरच्या या अंदाजांचा पाया हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या नोंदींवर आहे: जास्त डोसला दिसलेली रेषा सरळ शून्यापर्यंत ओढायची. ती ओढावी का, यावर तज्ज्ञ आजही भांडतात. केरळात करुणागपल्लीच्या किनारी वाळूत किरणोत्सारी थोरियम आहे, तिथल्या रहिवाशांच्या मोठ्या पाहणीत जादा कॅन्सर दिसला नाही. हा दाखला नेहमी पुढे केला जातो. दुसऱ्या बाजूला आता अंदाज नव्हे, तर प्रत्यक्ष सीटी झालेल्या मुलांच्या नोंदी आहेत: २०१२मध्ये ब्रिटनच्या, २०१३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या, २०२३मध्ये नऊ युरोपीय देशांच्या. शेवटच्या पाहणीचा निष्कर्ष असा, की आजच्या डोसने सीटी झालेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचे एक-दोन जादा रुग्ण. आजार आधीच होता म्हणून सीटी झाला असेल, हा आक्षेप रास्त आहे आणि संशोधकांनी तो विचारात घेतला आहे. मला हा पुरावा वाळूच्या दाखल्याहून जवळचा वाटतो, कारण वाळूतला डोस वर्षभर ठिबकतो, सीटीतला काही सेकंदांत लागतो.

२०२५च्या एका अमेरिकी हिशेबात पोट पुन्हा मध्यभागी आले. २०२३मधल्या ९.३ कोटी सीटींमधून पुढे सुमारे १,०३,००० कॅन्सर संभवतात, आणि त्यांतले ३७ टक्के एकट्या प्रौढांच्या पोट-ओटीपोटाच्या सीटीमुळे. हाही रेषेवरचाच हिशेब. पण कुठल्या तपासणीचा वाटा किती, हे कळायला तो पुरतो.

यंत्रे सुधारली, यात शंका नाही. शरीराच्या जाडीनुसार करंट आपोआप कमी-जास्त होतो, प्रतिमा घडवण्याचे गणित बदलल्याने कमी किरणांत काम भागते, मूतखड्यासाठी कमी डोसचा केयूबी (मूत्रपिंड, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा स्कॅन) निघतो. आपल्याकडे २०२०मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर बांधले, तेव्हा १६हून कमी स्लाइसला २,०००, १६ ते ६४ला २,५०० आणि त्यावर ३,००० रुपये असे टप्पे पडले. दर बांधताना स्लाइस मोजल्या गेल्या. पोटाच्या सीटीची सीडी उघडली तर बहुधा अगदी शेवटी एक काळी चौकट असते. प्रत्येक फेरीची एक ओळ, पुढे सीटीडीआय, त्यापुढे डीएलपी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: ३२ सेंमी. फाइलला मात्र फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट एवढेच लागते.