कॉडच्या मागे आलेलं गाव

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर फॉर्च्युन नावाचं छोटं बंदर आहे. तिथून फेरीबोटीत बसलं की तास-दीड तासात माणूस फ्रान्समध्ये उतरतो. पॅरिस अटलांटिकपार चार हजार किलोमीटरवर राहिलेलं असतं, तरी धक्क्यावर पासपोर्ट तपासणारे अधिकारी फ्रेंच, दुकानात चालतो तो युरो, भिंतीतला विजेचा सॉकेट युरोपातला. घड्याळही अर्धा तास पुढे करावं लागतं. हिवाळ्यात इथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेआठ झालेले असतात.

हे सँ पिएर आणि मिकलाँ. एके काळी कॅनडापासून लुइझियानापर्यंत पसरलेल्या फ्रेंच साम्राज्याचा उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उरलेला एवढाच तुकडा. क्षेत्रफळ २४२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. लोकसंख्या मात्र जेमतेम ५,८००. त्यातले बहुतेक सँ पिएर या २६ चौरस किलोमीटरच्या चिमुकल्या बेटावर, बंदराला चिकटून राहतात. मिकलाँ-लाँग्लाद हे जोडबेट आठपट मोठं, पण तिथल्या एकुलत्या एका गावात सहाशेच्या आसपास माणसं आहेत. मला सांगायचंय ते मुख्यतः या छोट्या गावाबद्दल, कारण ते आता आपली जागा सोडून चाललं आहे. पण ते तिथे वसलं का, हे आधी समजून घ्यायला हवं, आणि त्यासाठी माशापासून सुरुवात करावी लागते.

नकाशात पाहिलं तर ही बेटं फ्रान्सच्या नाँत शहराच्या किंचित दक्षिणेला, सुमारे ४६.८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नाँतमध्ये द्राक्षं पिकतात. इथे वर्षाचं सरासरी तापमान सहा अंशांच्या आत-बाहेर असतं, नाँतच्या निम्म्याच्याही खाली. सूर्य तोच, अक्षांश जवळपास तोच, मग एवढा फरक कसा? या पट्ट्यात वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात. फ्रान्सला ते समुद्रावरून येताना ऊब घेऊन येतात, तर या बेटांवर ते हिवाळ्यात गोठलेल्या खंडावरून येतात. त्यातच ग्रीनलंडच्या बाजूचं बर्फाळ पाणी घेऊन लॅब्राडोर प्रवाह किनाऱ्यालगत खाली उतरतो. थोडं दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आहे. त्याच्यावरची दमट हवा या थंड पाण्यावर सरकली की तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन धुकं होतं. जून-जुलैत, जेव्हा ऊन हवंहवंसं असतं, नेमकं तेव्हाच ते सर्वात दाट असतं.

पण हेच थंड पाणी या बेटांचं भाग्य होतं. इथला समुद्रतळ लांबवर उथळ आहे. अशा उथळ पठारांना मच्छीमार 'बँक' म्हणतात. हिवाळी वादळं पाणी घुसळून तळाची पोषकद्रव्यं वर आणतात, वसंतात ऊन पडलं की प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, पीक येतं, त्यावर कॅपेलिन नावाचा वीतभर लांबीचा मासा पोसतो, आणि कॅपेलिनवर कॉड. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कॅपेलिन अंडी घालायला लाटांबरोबर थेट किनाऱ्यावर लोळण घेतात. मिकलाँचे लोक म्हणतात, 'कॅपेलिन लोळतोय', आणि बादल्या घेऊन धावतात.

कॉडच्या मांसात चरबी फार थोडी. चरबी तो यकृतात साठवतो. कॉड लिव्हर ऑइल येतं ते तिथूनच. चरबीच्या माशाला हवेत खवट वास लागतो, कॉडला लागत नाही. त्यामुळे चिरून, मीठ लावून वाळवलेला कॉड महिनोन्‌महिने टिकायचा. शीतपेट्या नव्हत्या त्या काळात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या कॅथॉलिक युरोपला हा मासा म्हणजे मोठाच आधार होता. वर्सोव्याला बोंबील काठ्यांच्या मांडवावर टांगून वाळवतात. इथे कॉड गोट्यांवर पसरायचे. मातीवर ठेवला तर मासा खालून ओला राहतो, गोट्यांच्या फटींतून मात्र वारा खेळतो. म्हणून सपाट, गोटेदार किनारा म्हणजे इथली खरी जमीन. अशा वाळवणाच्या जागांना फ्रेंचमध्ये 'ग्राव' म्हणत, आणि तिथे राबायला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आणलेल्या पोरांना 'ग्राव्हिये'. सकाळी मासे पसरायचे, ऊन चढलं की उलटायचे, धुकं आलं की धावत गोळा करायचे. कोवळ्या वयात, घरापासून महासागरापार, मिठाने चिरलेल्या हातांनी. या बेटांच्या इतिहासात राजेमहाराजांचे तह भरपूर आहेत, पण मला सगळ्यात आधी ही पोरं आठवतात.

तहांचंही थोडक्यात सांगतो. १७१३ ला बेटं ब्रिटिशांकडे गेली. १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने अख्ख्या कॅनडावर पाणी सोडलं आणि ही दोन बेटं मागून घेतली, ती मच्छीमारांना आसरा म्हणून. तटबंदी करायची नाही या अटीवर. ताबा घ्यायला फ्रेंच गव्हर्नर वसाहतवाल्यांसह आला तेव्हा जेम्स कुक, पुढे पॅसिफिकमुळे जगप्रसिद्ध झालेला तोच, बेटांचं सर्वेक्षण करत होता. ब्रिटिश कप्तानाने या ना त्या सबबीखाली फ्रेंचांना तीनेक आठवडे ताटकळत ठेवलं आणि कुकने नकाशा पुरा केला. त्यानंतरही बेटं हात बदलत राहिली, लोक हाकलले गेले, परतले. १८१६ पासून मात्र ती अखंड फ्रान्सकडे आहेत. ब्रिटनीचे ब्रेतों, नॉर्मंडीचे नॉर्मन, फ्रान्स-स्पेन सीमेवरचे बास्क आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललेले फ्रेंच वसाहतवाले म्हणजे अकेडियन, यांचं रक्त इथे मिसळलं. सँ पिएरच्या मध्यभागी बास्क पेलोटा हा भिंतीवर चेंडू मारायचा खेळ खेळायची १९०६ सालची भिंत आजही उभी आहे.

१९२० ते १९३३ या अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात माशांची गोदामं अमेरिकेत चोरून पोचवायच्या व्हिस्कीच्या पेट्यांनी भरली आणि मच्छीमारांनी जाळी बाजूला ठेवली. बंदी उठली आणि ती भरभराट एका रात्रीत ओसरली. पुन्हा समुद्राकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तोवर तरी समुद्र हात देत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोटातच मासे गोठवणारी प्रचंड ट्रॉलर जहाजं अनेक देशांतून या पाण्यात आली. न्यूफाउंडलंडच्या उत्तर-पूर्वेकडच्या 'नॉर्दर्न कॉड'ची पकड १९६८ ला आठ लाख टनांवर पोचली. पुढे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा हक्क प्रस्थापित झाला, कॅनडाने परकी जहाजं बाहेर काढली, आणि स्वतःची वाढवली. घोटाळा मोजणीत होता. एका फेरीत किती मासा मिळतो यावरून साठ्याचा अंदाज बांधला जाई. पण कॉड कळपाने राहणारा मासा. संख्या घटली तरी उरलेले एकत्र दाटतात, आणि आधुनिक जहाज नेमकं त्या दाटीवर जाऊन जाळं टाकतं. समुद्र रिकामा होत असताना जाळं भरलेलंच दिसत राहतं. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांचं ऐकायला फार उशीर झाला. त्यात मोठी मादी काही दशलक्ष अंडी घालते, आणि जाळ्यात आधी जातात त्या नेमक्या मोठ्या माद्या.

याच सुमारास फ्रान्स आणि कॅनडा समुद्राच्या वाटणीवर भांडत होते. १० जून १९९२ ला पाच जणांच्या आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला. बेटांभोवती थोडा समुद्र आणि दक्षिणेकडे साडेदहा सागरी मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर रुंदीची, २०० मैलांच्या टोकापर्यंत जाणारी चिंचोळी पट्टी. नकाशावर ती 'बागेत' नावाच्या लांबुळक्या फ्रेंच पावासारखी दिसते, म्हणून तिला तेच नाव पडलं. एकूण १२,४०० चौरस किलोमीटर, आणि चहूबाजूंनी कॅनडाचा समुद्र. फ्रान्सने मागितलं होतं त्याच्या मानाने हे फारच थोडं. मासे मात्र या रेषा पाळत नाहीत. तीन आठवड्यांनी, २ जुलैला, कॅनडाने नॉर्दर्न कॉडची मासेमारी बंद केली, आणि पुढच्या वर्षी सँ पिएर बँकही बंद झाली. वाटणी झाली तेव्हा वाटायला काही उरलंच नव्हतं. सँ पिएर बँक १९९७ ला मर्यादित प्रमाणात पुन्हा उघडली. तिथल्या कॉडचा १५.६ टक्के वाटा फ्रान्सचा, बाकीचा कॅनडाचा. पण जुने दिवस परतले नाहीत. आज इथला सर्वात मोठा अन्नदाता म्हणजे सरकारी पगार.

आणि सरकार आकाराच्या मानाने भरगच्च आहे. पॅरिसने नेमलेला प्रीफे, म्हणजे केंद्र सरकारचा प्रतिनिधी, १९ सदस्यांची प्रादेशिक परिषद (१५ सँ पिएरचे, ४ मिकलाँचे), दोन नगरपालिका, संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक खासदार आणि सिनेटमध्ये एक. बेटांना १९७६ मध्ये पूर्ण फ्रेंच जिल्ह्याचा दर्जा दिला होता. तो इथल्या भूगोलाला मानवला नाही, म्हणून १९८५ ला वेगळी रचना आली. कर, जकात आणि नगररचना यांचे अधिकार स्थानिक परिषदेकडे आहेत. बेटं युरोपीय संघाचा भाग नाहीत, रहिवासी मात्र फ्रेंच नागरिक म्हणून युरोपच्या निवडणुकीत मत देतात. राष्ट्रीय निवडणुकीत इथलं मतदान एक दिवस आधी, शनिवारी होतं. रविवारी ठेवलं तर पॅरिसचे कल ऐकूनच लोक केंद्रावर पोचतील.

आता मिकलाँकडे. मिकलाँ आणि लाँग्लाद ही मुळात वेगळी बेटं. अठराव्या शतकात लाटांनी मध्ये वाळू रचत नेली आणि बारा किलोमीटरचा वाळूचा दांडा तयार झाला. भूगोलात याला टोंबोलो म्हणतात. धुक्यात तो दिसत नसे. १८०० नंतर इथे आणि आसपास पाचशेहून अधिक जहाजं फुटली. मिकलाँ गावही अशाच एका दांड्यावर आहे, उत्तरेकडच्या खडकाळ भूशिराला बेटाशी जोडणाऱ्या. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं, आणि पायाखाली समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम दोन मीटर उंचीची जमीन. बाजूलाच २४० मीटरपर्यंत चढत जाणारे डोंगर असताना लोक इथे का राहिले? होडी ओढून घ्यायला उतार हवा होता, मासा वाळवायला गोटे आणि वारा हवा होता. डोंगरावर यातलं काहीच नव्हतं.

आता समुद्र चढतो आहे, आणि जोडीला या भागातली जमीन हळूहळू खचते आहे. हिमयुगातल्या प्रचंड बर्फाच्या भाराने मधला भाग दबला होता तेव्हा कडेचा भाग फुगून वर आला होता; बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी तो फुगवटा अजून बसतोच आहे. हिवाळ्यात किनाऱ्याला बर्फाची कड धरायची, ती वादळी लाटांचा मार झेलायची. तीही आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष ओलाँद इथे आले आणि धोक्याच्या जागेत नवी घरं नकोत असं सांगून गेले. गावात संताप उसळला. नगररचनेचे अधिकार स्थानिक परिषदेकडे, पण आपत्तीच्या धोक्याचे नियम केंद्राकडे. घर कुणाच्या परवानगीने बांधायचं हाच वाद झाला. २०१८ ला धोक्याचा आराखडा मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना वादळाने न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्कची घरं समुद्रात ओढून नेली. ती दृश्यं पाहिल्यावर मिकलाँमधली बरीच मनं बदलली.

सुमारे दीड किलोमीटरवर, उंचावर नवी जागा ठरली आहे. जाणं सक्तीचं नाही. ज्याला जायचं त्याचं जुनं घर सरकार विकत घेणार, नंतर ते पाडलं जाणार, आणि मोकळी झालेली जागा पुन्हा बांधकामाला मिळणार नाही. एकेक कुटुंब आपापला हिशेब मांडतं आहे. म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या हयातीत तरी नको. तरुणांना घर बांधायचंय, आणि त्यांना परवाना मिळेल तो वरच्याच जागेचा. खाली घरं एकेक करून कमी होत जातील आणि मागे राहतील ते ज्यांच्यासाठी माणसं इथे आली ते गोटे.