पाच डिसेंबरची सुट्टी कुणीच मागत नाही

अमेरिकेतल्या बहुतेक रेस्टॉरंटमध्ये डिसेंबरच्या पाळ्या लावण्याआधीच मालक किंवा मॅनेजर काही तारखा सांगून टाकतो. या दिवशी सुट्टी मागायची नाही, मागितली तरी मिळणार नाही. वेटर मंडळी त्यांना 'ब्लॅकआउट'च्या तारखा म्हणतात. २४ ची संध्याकाळ, ३१ ची रात्र आणि रेस्टॉरंट उघडं असेल तर २५ सुद्धा. उरलेल्या दिवसांसाठी मग आपसात ओढाताण चालते. कुणाला आईकडे जायचं असतं, कुणाच्या मुलांच्या शाळेत कार्यक्रम असतो. पाच डिसेंबरकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. पश्चिम मिशिगनमधल्या एखाद्या डच, म्हणजे मूळच्या नेदरलँड्सच्या, घरातली मुलगी वेट्रेस असेल, तर ती नेमकी हीच तारीख मागते आणि तिला ती बिनबोभाट मिळते. तिच्या घरी वर्षातली मोठी संध्याकाळ तीच असते, संत निकोलसच्या सणाची. ही तारीख तिच्यापर्यंत कशी पोहोचली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी पैशांचं बोलायला हवं, कारण वेटरचा सण पैशांपासून वेगळा काढता येत नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं थेट द्यायचं किमान वेतन अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार ताशी २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ते हललेलं नाही. काही राज्यांनी स्वतःचे दर याहून वर ठेवले आहेत, पण बहुतेक राज्यांत रचना तीच: उरलेली कमाई गिऱ्हाइकाच्या टिपमधून. ही पद्धत कायद्यात आली १९६६ च्या दुरुस्तीनं. सणाच्या दिवशी काम केलं तर जादा पगार द्यायलाच हवा, असं हा संघीय कायदा म्हणत नाही. म्हणजे ज्या रात्री घरी असावंसं सर्वांत जास्त वाटतं, त्याच रात्री सर्वांत जास्त पैसे मिळतात. गंमत म्हणजे या मुलीच्या आजीच्या देशात सेवेचे पैसे मेनूवरच्या किमतीतच धरलेले असतात. टिप म्हणजे बिलाचा आकडा वर पूर्ण करून देणं, फार तर थोडं अधिक.

आता तारखेकडे. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायराचे बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं डेमरे. हुंड्याअभावी तीन बहिणींची लग्नं अडली होती, तेव्हा त्यांनी रात्री खिडकीतून गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, ही त्यांची सर्वांत गाजलेली कथा. देणाऱ्यानं तोंड दाखवायचं नाही, हा नियम तिथून आला. त्यांचा दिवस ६ डिसेंबर, आणि डच लोक तो आदल्या संध्याकाळी साजरा करतात.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि संतांचे सण संशयाच्या फेऱ्यात सापडले. जर्मनीत लूथरच्या अनुयायांनी भेटींचा दिवस हळूहळू नाताळकडे सरकवला. नेदरलँड्समध्ये कॅल्व्हिनवादी, म्हणजे अधिक कडक प्रोटेस्टंट, पाद्र्यांना संतही नको होते आणि त्यांच्या नावाचा बाजारही. सतराव्या शतकात तिथल्या अनेक नगरपरिषदांनी या सणाच्या दुकानांवर आणि माणसांच्या आकाराच्या खाऊवर बंदी घातली. पण ज्या सणाला देऊळही लागत नाही आणि मिरवणूकही, तो बंद कसा करणार? तो घरात शिरला आणि चुलीपाशी बसला. यान स्टेननं १६६५ ते १६६८ च्या दरम्यान काढलेलं चित्र आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यात हे सगळं दिसतं. मधोमध बाहुली कवटाळलेली लहान मुलगी. डावीकडे रडणारा मोठा मुलगा, कारण रात्री चुलीपाशी ठेवलेल्या त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघाली आहे. आणि मागे, पलंगाच्या पडद्यापाशी, त्याला बोटानं खुणावणारी आजी. पडद्यामागे त्याच्यासाठी काहीतरी लपवलं असावं. संत चित्रात दिसत नाहीत. सण बंदीतून कसा वाचला, हे त्या आजीकडे पाहिलं की मला कळतं.

खाऊचा विषय आलाच आहे, तर तो इथेच संपवतो. या दिवसांतलं स्पेक्युलास बिस्किट कोरीव लाकडी साच्यातून काढतात. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलची पडते. हे मसाले डच स्वयंपाकघरात मुबलक झाले ते १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीमुळे, आणि त्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली. जायफळाच्या बांदा बेटांवर कंपनीनं १६२१ मध्ये बहुतेक रहिवाशांना मारलं, हाकललं किंवा गुलाम केलं. या जाळ्याचा एक धागा आपल्या कोकणात येतो. १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्याला वखार उघडली. पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद पुरवायला ती सोयीची होती. तिचे अवशेष अजून उभे आहेत. वेंगुर्ल्याच्या माणसानं मिशिगनमधलं हे बिस्किट हातात घेतलं, तर वास ओळखीचा वाटेल आणि त्यामागचा इतिहासही अगदी परका नसेल.

संतांची तारीख हलली ती अमेरिकेत. डचांचं न्यू ॲमस्टरडॅम १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि ते न्यूयॉर्क झालं. पुढे दीडशे वर्षांनी तिथल्या काही मंडळींना आपल्या शहराचा डच भूतकाळ हवाहवासा वाटू लागला. १८०९ मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंगनं एका विनोदी इतिहासात संत निकोलस शहराचे पाठीराखे करून टाकले. १८१० च्या ६ डिसेंबरला जॉन पिंटार्ड यांच्या पुढाकारानं न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेनं संतांच्या नावानं मेजवानी दिली. इथवर तारीख जुनीच होती. मग १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात एक निनावी कविता छापून आली. तिच्यात संत निकोलस रेनडियरच्या गाडीतून येतात, पण येतात नाताळच्या आदल्या रात्री. कविता घरोघरी पोहोचली, सिंटरक्लासचा (संत निकोलसचं हे डच नाव) सांताक्लॉज झाला आणि एकोणीस दिवस पुढे सरकला. आजच्या वेट्रेसची अडचण या एकोणीस दिवसांत आहे. भेटी, जेवणं, कंपन्यांच्या पार्ट्या, सगळं महिनाअखेरीला गोळा झालं, आणि त्या सगळ्यांना वाढायला कुणीतरी हवंच.

मिशिगनचे डच या न्यूयॉर्ककरांपैकी नव्हेत. १८३४ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारमान्य चर्चमधून एक कर्मठ गट फुटून निघाला. त्यांना दंड झाले, सभा मोडल्या गेल्या. पुढे बटाट्यावर रोग पडला आणि उपासमारीची भीती उभी राहिली. आल्बर्टस व्हान राल्टे हे पाद्री आपल्या लोकांना घेऊन निघाले आणि फेब्रुवारी १८४७ मध्ये, ऐन बर्फात, त्यांनी मिशिगन सरोवराजवळ हॉलंड नावाचं गाव वसवायला घेतलं. त्याच वर्षी हेन्ड्रिक स्कॉल्टे यांनी आयोवात पेला वसवलं. या लोकांना संतांचं कौतुक नव्हतं. मग आज या गावांत पांढऱ्या घोड्यावरचे सिंटरक्लास मिरवणुकीनं कसे येतात? त्यातलं बरंच नंतर आलं. स्पेनहून आगबोटीनं येणारे संत ही कल्पना आम्स्टरडॅमच्या यान स्खेंकमन या शिक्षकाच्या १८५० च्या चित्रपुस्तकातून रुजली, म्हणजे व्हान राल्टेंचं जहाज निघून गेल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये घरं अपुरी होती, काम अपुरं होतं. १९५० मध्ये पंतप्रधान विलेम ड्रेस यांनीच लोकांना देशाबाहेर भविष्य शोधायचं धाडस करायला सांगितलं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे गेलेल्या त्या पिढीनं संतांच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवायची रीत ताजी सोबत नेली. अनेक घरांत आज जे 'आजीचं' म्हणून चालतं, ते या पिढीचं आहे.

स्खेंकमनच्या पुस्तकात संतांसोबत एक काळा नोकरही होता. डच वसाहतींत गुलामगिरी संपली ती १८६३ मध्ये, म्हणजे हे चित्र गुलामगिरी चालू असतानाचं. या पात्रासाठी तोंडाला काळं फासण्याची रूढी दीडशेहून अधिक वर्षं चालली. सुरिनाम आणि अँटिलीस या जुन्या वसाहतींतून आलेल्या डच नागरिकांनी फार पूर्वीपासून सांगितलं होतं, की हे आम्हाला लागतं. ऐकायला देशानं उशीर केला. २०१९ पासून दूरचित्रवाणीवरच्या मुख्य स्वागतसोहळ्यात फक्त धुराड्याच्या काजळीचे डाग असलेले मदतनीस असतात. हा बदल योग्यच होता असं मला वाटतं, आणि घरातल्या संध्याकाळीचं त्यानं काडीचंही नुकसान झालं नाही.

त्या संध्याकाळीला डच भाषेत 'पाक्येसआव्होंट' म्हणतात, म्हणजे पुडक्यांची संध्याकाळ. काही आठवडे आधी घरातले सगळे चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव येईल, त्याच्यासाठी एकच भेट घ्यायची. ती साध्या कागदात बांधायची नाही, कशात तरी दडवायची: पुठ्ठ्याच्या घरात, भोपळ्यात, पिठाच्या गोळ्यात. सोबत यमक जुळवून कविता लिहायची आणि खाली सही करायची सिंटरक्लासची. वर्षभरात त्या माणसानं काय गोंधळ घातले, ते कवितेत येतं आणि ज्याचं त्यानं ते सर्वांसमोर मोठ्यानं वाचायचं. मग नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट, संत्री, मार्झिपॅन. महिन्याच्या सुरुवातीला, मोठ्या टिपा हातात यायच्या आधी, एकाच माणसासाठी एकच भेट घेणं वेट्रेसला परवडतं. कविता तर फुकट होते. ती बसमध्ये लिहिता येते, दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीच्या मधल्या रिकाम्या तासात ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावरही लिहिता येते.

आणि हे झालं की २५ ची पाळी जड जात नाही. आपली पुडकी उघडून झालेली असतात. लहान मुलं घरी असलेल्या सहकाऱ्याची जागा घ्यायला ही मुलगी सहज तयार होते, आणि त्या बदल्यात २६ मागते.

२६ ला डच घरात 'दुसरा नाताळ' असतो. नेदरलँड्समध्ये ती आजही सरकारी सुट्टी आहे. तिचं मूळ जुनं आहे: १६१८-१९ च्या डॉर्ड्रेख्टच्या धर्मसभेनं ठरवलेल्या नियमांत नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण त्यांच्या दुसऱ्या दिवसासह पाळायला सांगितलं आहे. १८३४ मध्ये फुटलेल्या गटाचा आग्रह याच नियमांकडे परतण्याचा होता. म्हणजे कर्मठांनी संत मागे ठेवले, पण २६ तारीख सोबत घेतली. अमेरिकेत तो कामाचा दिवस, त्यामुळे घरचे सगळे जमतीलच असं नाही. तरी रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला टेबलाशी बसवून कुणीतरी वाढतं. मिशिगनमध्ये त्या टेबलावर बहुधा 'बंकेट' असतं, बदामाचं सारण भरलेली लांबट खुसखुशीत वळी. पेलाच्या बेकऱ्यांत तिला इंग्रजी एसचा आकार देतात.

राहिली ३१ ची रात्र. ती रेस्टॉरंटचीच, त्यावर इलाज नाही. पण त्या दिवसाचं डच खाणं रात्रीचं नाहीच मुळी. ओलीबोलन, म्हणजे आंबवलेल्या पिठात मनुका आणि सफरचंद घालून तळलेले गोळे. १६५२ च्या सुमारास आल्बर्ट काउपनं अशा गोळ्यांनी भरलेलं भांडं घेतलेली मोलकरीण रंगवली आहे, आणि १६६७ च्या एका डच पाकपुस्तकात त्यांची कृती छापलेली आहे. अमेरिकेतल्या डोनटच्या वंशावळीतही त्यांचं नाव घेतलं जातं. तळण सकाळपासून चालतं. थंडीत दार उघडं ठेवून, नाहीतर गॅरेजमध्ये, म्हणजे घराला तेलाचा वास लागत नाही. पाळी चारला सुरू होणार असेल, तर तीनपर्यंत पहिला घाणा उतरलेला असतो. गरम गोळ्यावर पिठीसाखर भुरभुरवायची आणि उभ्याउभ्याच खायचं. काळा ॲप्रन तोवर पिशवीतच ठेवायचा, त्यावर साखर लगेच दिसते.