फ्रान्सच्या नकाशात उरलेला केल्टिक प्रत्यय

पॅरिसच्या दक्षिणेला ऑर्ली आहे. तिथला विमानतळ अनेकांना ऐकून ठाऊक असेल. त्याच्या बऱ्याच खाली, ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागात ओरियाक हे शहर आहे. ही नावे आज ऐकायला वेगळी वाटत असली, तरी दोन्ही ‘ऑरेलियाकुम’ या एकाच रूपातून आली आहेत आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऑरेलियसच्या मालकीची जमीन’ एवढाच आहे.

ऑरेलियस हे रोमन कुलनाम आहे. त्याला जोडलेला प्रत्यय मात्र लॅटिनच्या घरचा नाही. गॉलमधील, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या भागातील, केल्टिक भाषेत नामाचे विशेषण करण्यासाठी ‘-आकोस’ हा प्रत्यय वापरत. इ.स.पू. 52 मध्ये अलेझियाच्या लढाईत रोमन सेनापती सीझरचा विजय झाल्यानंतर गॉलमधल्या जमीनदारांमध्ये हळूहळू रोमन नावे रूढ झाली, तरी जमिनीला मालकाचे नाव देताना प्रत्यय जुनाच राहिला. आरंभी ‘ऑरेलियाकुस’ हे ‘फुंडुस’, म्हणजे जमीनजुमला, या शब्दाचे विशेषण होते. पुढे नाम गळाले आणि विशेषणच गावाचे नाव होऊन बसले. आपल्याकडे साताऱ्यावरून सातारकर होतो. तिथे उलट, माणसावरून गाव झाले.

दक्षिणेत शब्दाचा शेवट झिजला, पण ‘क’ टिकला, म्हणून ओरियाक. उत्तरेत स्वरांमधला ‘क’ मऊ होत होत आधीच्या ‘इ’मध्ये विरून गेला, म्हणून ऑर्ली. जर्मनीतील यूलिश हे शहरही मूळचे ‘यूलियाकुम’च आहे. मात्र ऑर्लेआं या शहराला याच मालिकेत बसवण्याचा मोह टाळावा: ते नाव ऑरेलियन सम्राटावरून आले असून त्यातला ‘-आनुस’ हा प्रत्यय अस्सल लॅटिन आहे. इटालियन व स्पॅनिशमध्ये तोच ‘-आनो’ या रूपात आजही नवी विशेषणे घडवतो.

फ्रेंचमध्ये ‘-आकोस’ गावांच्या नावांत गोठून राहिला, तर केल्टिक भाषांत तो अजून जिवंत आहे. आयरिशमध्ये ‘ब्रोन’ म्हणजे दुःख आणि ‘ब्रोनाख’ म्हणजे दुःखी. वेल्शमध्ये ‘एनू’ म्हणजे नाव आणि ‘एन्वोग’ म्हणजे नामवंत. घोड्यासाठी असलेल्या जुन्या केल्टिक शब्दाला हाच प्रत्यय लागून आयरिशमध्ये स्वारासाठी ‘मार्काख’ आणि वेल्शमध्ये ‘मार्खोग’ हे शब्द झाले. ‘-आकोस’मधला ‘क’ ज्या इंडो-युरोपीय (म्हणजे केल्टिक, लॅटिन, संस्कृत या भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या) प्रत्ययातून आला, त्याचेच वंशज लॅटिनचा ‘-इकुस’ आणि आपल्या ‘सामाजिक’, ‘धार्मिक’ मधला संस्कृत ‘-इक’ हेही आहेत.

इंग्लंडमध्ये या प्रत्ययाची सर्वांत जास्त मोडतोड झाली ती यॉर्कच्या नावात. रोमन काळातले ‘एबोराकुम’ अँग्लो-सॅक्सनांच्या तोंडी ‘एओफोरविक’ झाले, डेन्मार्कहून आलेल्यांनी त्याचे ‘योर्विक’ केले आणि त्यातून यॉर्क उरले. वेल्श लोकांनी मात्र नियमाप्रमाणे ‘-ओग’ राखला: त्यांच्या भाषेत यॉर्क ‘एव्रोग’ आहे आणि न्यूयॉर्क ‘एव्रोग नेविद’.