एसी चालू होत नाही? गॅसच्या आधी कपॅसिटर बघा

मे महिन्यात एसी बंद पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस संपला असेल". अहो, गॅस संपत नसतो! बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, कुठे लीक असेल तरच कमी होतो, आणि कमी झाला तरी बहुतेक वेळा एसी सुरू होतो, फक्त गार करत नाही.

एमसीबी पडलाय का, स्टॅबिलायझरला लाइट आहे का, रिमोटचे सेल, मोड कूलवर आहे का, एवढं आधी बघून घ्या. बंद करून लगेच चालू केलात तर तीनेक मिनिटं थांबा, तेवढा वेळ कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप, मुद्दामच सुरू होऊ देत नाहीत.

पण आतलं युनिट हवा मारतंय आणि बाहेरच्यातून नुसतं घूंऽऽ, काही सेकंदांनी टक् आणि शांत, असं होत असेल तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणाऱ्या छोट्या डब्यावर घ्या. आपल्या घरातली वीज सिंगल फेज, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ती कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या एका वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून गेली की चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी वाढतं, ओसरतं, उलटं होतं, पण फिरत नाही. गणितात असं क्षेत्र म्हणजे विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज, त्यामुळे थांबलेल्या रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, दोन्हीकडून सारखाच जोर येतो आणि तो थरथरत बसतो, करंट मात्र भरमसाट खेचतो, वाइंडिंग तापतं आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच टक् करून वीज तोडतो. कपॅसिटर गेलेला सीलिंग फॅन काठीने ढकलला की फिरायला लागतो तो याचमुळे, पण कॉम्प्रेसर पडला सीलबंद, त्याला ढकलणार कसं? म्हणून काटकोनात दुसरं स्टार्टिंग वाइंडिंग, त्याच्या सिरीजमध्ये कपॅसिटर. तो तिथला करंट जवळजवळ पाव आवर्तन पुढे ढकलतो, दोन क्षेत्रं आळीपाळीने शिगेला जातात, आणि त्यांची बेरीज चक्क फिरते! टेस्लाला फिरत्या क्षेत्राच्या मोटरचं पेटंट 1888 मध्ये मिळालं, इटलीत फेरारिस या शास्त्रज्ञाने त्याआधीच, 1885 मध्ये असं क्षेत्र फिरवून दाखवलं होतं. मला अजूनही हे विलक्षण सुंदर वाटतं.

कपॅसिटरच्या आत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिपातळ थर असतो. उन्हात तापून फिल्मला बारीक भोक पडलं की आजूबाजूचा धातू वाफ होऊन उडतो आणि शॉर्ट टळतो, पण दरवेळी थोडी क्षमता जाते. डब्यावर 45 मायक्रोफॅरड लिहिलेलं आणि मीटरवर 30 येतंय, तर बदलायलाच हवा. वरचं झाकण फुगलेलं असेल तर मीटरचीही गरज नाही.

ते "वीजबचत यंत्र" म्हणून सॉकेटमध्ये लावायला विकतात त्यातही बहुधा असाच एक छोटा कपॅसिटर आणि एक लाइट असतो, घरगुती बिल युनिटवर येतं, त्यात त्याने काही फरक पडत नाही, पैसे घालवू नका.

इन्व्हर्टर एसीत हे लागू नाही, तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्डच कॉम्प्रेसरसाठी तीन फेज तयार करतं, तेव्हा डिस्प्लेवरचा एरर कोड लिहून ठेवा. आणि बाहेरचं युनिट स्वतः उघडू नका, मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि जबर झटका देतो. मेकॅनिकला फोनवर घूं आणि टक् दोन्ही सांगा, आणि गॅस भरायच्या आधी कपॅसिटर मीटर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा.