गणपतीचं ओझर आणि मिगचं ओझर

महाराष्ट्रात ओझर नावाची दोन गावं सगळ्यांना ठाऊक आहेत. एक जुन्नर तालुक्यातलं, अष्टविनायकांतल्या विघ्नहराचं. दुसरं मुंबई-आग्रा महामार्गावरचं, नाशिकपासून वीसेक किलोमीटरवरचं. या दुसऱ्याला लोक सर्रास 'ओझर मिग' म्हणतात. विमानाचं नाव चिकटलेलं गाव दुसरीकडे क्वचितच सापडेल. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 हे सोव्हिएत बनावटीचं लढाऊ विमान हवाई दलातून निवृत्त झालं आणि अवघ्या एकवीस दिवसांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरच्या विमान कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानाने तिथल्याच धावपट्टीवरून भरारी घेतली. गावाचं नाव मात्र काही बदललेलं नाही.

या कारखान्याची मुळं शोधत गेलं की वाट आधी मालेगाव तालुक्यातून जाते. रावळगावला 1933 मध्ये साखर कारखाना काढणारे वालचंद हिराचंद यांनीच डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. रावळगावची गोळी चघळत लहानाचे मोठे झालेल्या नाशिककरांना हा दुवा सहसा कोणी सांगत नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 मध्ये, सरकारने ती कंपनी आपल्या ताब्यात घेतली. विमान बांधणं सरकारचं काम झालं ते तेव्हापासून.

(चौपाटीवर 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा इथे कोणीतरी काढणारच. तिला विश्वासार्ह पुरावा नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो.)

प्रवासी विमानांची कथा मात्र टपालाच्या थैलीतून सुरू होते. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. पुढे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले. हे जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, त्यामुळे त्या महिन्यांत सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याची उरलेली डाकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली आणि विमान कंपन्यांचं पीक आलं. प्रवासी थोडे, कंपन्या भाराभर. त्या काळातली मला सर्वात आवडणारी कल्पना नागपूरची: 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री टपालाची विमानं सुटत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या गावी परतत. एसटीच्या मध्यवर्ती स्थानकासारखाच प्रकार, फक्त हवेतला.

1 ऑगस्ट 1953 रोजी सगळ्याचं राष्ट्रीयीकरण झालं. देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स, आणि परदेशासाठी एअर इंडिया. जेआरडींना हा निर्णय मान्य नव्हता, तरी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांनी 1978 पर्यंत सांभाळलं.

नाशिकचा खरा प्रवेश होतो तो 1962 च्या युद्धानंतर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. त्याच सुमारास सोव्हिएत परवान्याने मिग-21 भारतात बांधायचं ठरलं. काम तीन ठिकाणी वाटलं गेलं: विमानाचा सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. बिनविरोध निवडून दिल्याची परतफेड यशवंतरावांनी कारखान्याने केली, असं नाशिककर मानतात. 1964 मध्ये मिगसाठी काढलेली नवी कंपनी आणि वालचंदांची जुनी कंपनी एक होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आपलं एचएएल, तयार झालं. सुरुवातीला रशियातून आलेले सुटे भाग जोडले जात. कच्च्या मालापासून पूर्ण बांधलेलं पहिलं मिग-21 निघायला 1970 साल उजाडलं. मिग-21 नंतर मिग-27 आलं आणि 2004 पासून सुखोई-30. कामगारांची वसाहत, शाळा, बाजार, सगळं त्या आवाजाखाली वाढलं. द्राक्षबागेत काम करणाऱ्याने डोक्यावरून जाणाऱ्या लढाऊ विमानाकडे मान वर करून न पाहणं, ही इथली खास सवय.

पण तिकीट काढून बसायचं विमान? ते मिळायला फार उशीर झाला. मुंबई रस्त्याने चार तासांवर, त्यामुळे विमान कंपन्यांना नाशिक कधी फायद्याचं वाटलं नाही. धावपट्टी तीन किलोमीटरची, तरी ती एचएएलची. आधी चाचणी उड्डाणं, मग बाकीचं. 1994 मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, 2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटं आणली, देशातली लहान शहरं नकाशावर आली. ओझरला मात्र प्रवासी टर्मिनल उभं राहिलं 2014 मध्ये, आणि तेही बराच काळ विमानाची वाट पाहत बसलं. डिसेंबर 2017 मध्ये लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेखाली मुंबई-पुण्याची छोटी विमानं सुरू झाली. 2018 मध्ये जेट एअरवेजची दिल्ली सेवा आली, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये जेटच जमिनीवर आली. दर वेळी पेढे वाटायचे आणि काही महिन्यांनी वेळापत्रकातून नाशिक गायब, असं चाललं होतं. मार्च 2023 मध्ये इंडिगो आल्यावर गाडी जरा रुळावर आली.

आता एचएएलने एअरबसशी करार केला आहे, ऑक्टोबर 2023 मधला: ए-320 जातीच्या प्रवासी विमानांची देखभाल-दुरुस्ती नाशिकमध्ये करण्यासाठी. साठ वर्षं फक्त लढाऊ विमानं हाताळणाऱ्या ओझरच्या हातांना नागरी विमानाचं काम मिळणार आहे.